पोटात काही न ठेवणारा

जुळे सोलापुरातल्या त्या दिवाणखान्यात पाहुणे आले की वरची चार फुटी माशांची टाकी बघतात. रोटालाची लालसर झाडं, लाकडावर धरलेलं जावा मॉस, मधूनच सुळकन निघून जाणारे रासबोरा. खालच्या कपाटाचं दार उघडायला कुणी सांगत नाही. सम्प तिथे राहतो.

दिसायला काहीच नाही. अडीच फुटी काचेची पेटी, आत उभ्या काचा चिकटवून पाडलेले कप्पे. पहिल्यात मळकट फिल्टर वूल, दुसऱ्यात स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा, शेवटी रिटर्न पंप. वरचं पाणी नळीतून याच्याकडे उतरतं, कप्प्याकप्प्यातून फिरतं आणि पंपावाटे परत वर जातं. माशांची घाण, उरलेलं खाणं, सडकी पानं, सगळं हा बिनतक्रार पोटात घेतो. रिंगांवर वस्तीला असलेले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करून टाकतात, तेही याच्याच पदरात. एकच गोष्ट याच्या पोटात राहत नाही, ती म्हणजे सीओटू.

आणि नेमकी तीच महागाची. हवेच्या भरवशावर राहिलेल्या पाण्यात लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. रोटाला लाल आणि दाट हवा तर हौशी मंडळी सिलिंडरमधून गॅस सोडून तो 30 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. म्हणजे पाण्यातला गॅस सतत निसटायच्या बेतात असतो, गोटी आत ढकललेल्या सोड्यासारखा. त्याला निमित्त हवं असतं, आणि निमित्त म्हणजे सम्पची बडबड. नळीतून पाणी हवा ओढत गळगळत उतरलं, कप्प्याच्या काचेवरून खळाळत पडलं, की गॅस उडाला. याचा आवाज जितका मोठा तितकी सिलिंडरला गळती. टाकीतला ड्रॉप चेकर, म्हणजे गॅसचं प्रमाण रंगाने दाखवणारी कुपी, लगेच चुगली करत नाही. तास-दोन तासांनी हिरव्याचा निळा होतो आणि मग मालक सिलिंडरचा सुईचा व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडतो.

याला गप्प करण्याचे उपाय आहेत. उतरत्या नळीवर व्हॉल्व्ह लावून ती पाण्याने पूर्ण भरून चालवायची, ती तुंबली तर उपयोगी पडावी म्हणून शेजारी दुसरी नळी ठेवायची. नळीचं तोंड पाण्यात बुडवायचं. स्पंज-रिंगांवर पाणी ठिबकवणारा कप्पा काढून टाकायचा. वर काचेचं झाकण. त्याखालच्या हवेत गॅस साचला की पाण्यातला गॅस बाहेर पडायचा वेग मंदावतो. आणि गॅस सोडायचा तो रिटर्न पंपाच्या तोंडाशी, म्हणजे पंपाचं पातं बुडबुड्यांचा भुगा करून ते वर पाठवतं. एवढं केलं की बडबड कुजबुजीवर येते.

शेजारी सिलिंडर उभा असतो, तो घुम्या. आत द्रवरूप सीओटू असेतो गेजचा काटा वापराने हलत नाही. 20 अंशांना 57 बारच्या आसपास उभाच्या उभा, आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. सोलापूरचा उन्हाळा मात्र या घुम्यालाही बदलतो. 31.1 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडचा द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, दाब गरमीबरोबर चढत जातो. बाहेर पारा 42-43 वर असताना बंद कपाटात 31 म्हणजे काहीच नाही. म्हणून सिलिंडर गळ्यापर्यंत भरून घ्यायचा नसतो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवायचा नसतो.

वीज गेली तर सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, गॅस बंद करतो, पंप थांबतो आणि वरचं जादा पाणी सम्पकडे उतरतं. त्यासाठी पोटात जागा राखावी लागते. ज्यांनी राखलेली नसते त्यांच्या घरात सतरंजी वाळत घातलेली दिसते.

सगळे सल्लागार सांगतात, झाडांच्या टाकीला बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बरा, गॅस वाया जात नाही. थंड गावात असेल खरं. इथे मे महिन्यात टाकीतलं पाणी 32 अंशांवर जातं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला 8 मिलिग्रॅमच्या वर मावणारा ऑक्सिजन 7 च्या आसपास येतो, त्यात रात्री झाडंही तोच ओढतात. पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागले की सम्पचं झाकण काढायचं, छोटा पंखा त्यावर रोखायचा आणि त्याला मनसोक्त बडबडू द्यायचं. गॅस जातो, जाऊ दे. टायमर सकाळी दिवे लागायच्या तास-दीड तास आधी तो परत सुरू करतोच. त्याच खळाळातून ऑक्सिजन आत येतो, आणि कोरड्या हवेत पाणी उडून दोन-तीन अंश उतरतात. माझं मत विचाराल तर या गावात कॅनिस्टरपेक्षा हा वाचाळच घरात असावा.

त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. बाकीच्या कप्प्यांची पातळी काचांनी बांधलेली, त्यामुळे उडालेलं पाणी सगळं शेवटच्या कप्प्यातून कमी होतं. तिथे पंपाचं तोंड उघडं पडलं की तो हवा गिळून खरखरतो. मग बादली. उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड, आणि मे महिन्यात त्या घरात साठवलेल्या पाण्याला दावेदार दोन: कूलर आणि सम्प. घरच्या आजींचा कौल ठरलेला आहे. "कूलर निदान वारं तरी देतंय की!"