चाळीस मिलिमीटरचा पट्टा

'चमडी देईल पण दमडी देणार नाही' ही म्हण कुणाला तरी बँकेतल्या कारकुनाकडे बघून सुचली असावी. मी ती शब्दशः पाळली आहे. फरक इतकाच, की मी दिलेली चमडी बरीचशी म्हशीची होती आणि थोडीशी माझ्या अंगठ्याची.

त्याचे असे झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवले. तसा नेमबाजीचा नाद आम्हाला नवा नाही. आमची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालीच होती. पण कुसाळे पडला रेल्वेतला तिकीट तपासनीस. त्यामुळे घरोघरच्या नोकरदार नवऱ्यांची पंचाईत झाली. "बघा, नोकरी सांभाळून माणसं काय काय करतात," सौ. म्हणाली.

"मीही नोकरी सांभाळतोच की!"

"तेवढीच सांभाळता."

यावर उत्तर नव्हते. म्हणून नववीतल्या कन्येने नेमबाजी शिकायचे म्हटल्यावर मी ताबडतोब होकार दिला. १० मीटर एअर रायफल. दहा मीटरवर कागद, त्यावर काळे वर्तुळ आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका. हा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो! एवढा पूर्णविराम मी पासबुकात दिला तर गिऱ्हाईक चष्मा मागवेल.

महिनाभराने कन्येने जाकीट मागितले. नेमबाजाचे जाकीट म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ चिलखत. ते घातले की अंग हलत नाही. मी किंमत विचारली. ती ऐकून माझेही अंग हलेना. मग मी काउंटरवरच्या आवाजात म्हणालो, "बघू. पुढच्या वर्षी." याच आवाजात मी गिऱ्हाइकांना साहेब जेवायला गेल्याचे सांगतो. गिऱ्हाईक निदान भांडते. कन्या नुसती "बरं" म्हणाली.

त्या दिवसापासून जेवताना रेंजवरच्या गोष्टी बंद झाल्या. आधी कितवी गोळी कुठे लागली हे आमटीच्या वाटीवर बोट ठेवून दाखवायची. आता "कसं झालं?" विचारले की "झालं" एवढेच. खाते बंद नव्हते, पण व्यवहार थांबला होता. बँकेत आम्ही अशा खात्याला 'निष्क्रिय' म्हणतो. ते पुन्हा चालू करायला गिऱ्हाइकालाच अर्ज घेऊन यावे लागते.

अर्जाचा विचार करत असतानाच कुसाळेची ती फेरी मी मोबाइलवर पुन्हा पाहिली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून नेम धरताना त्याच्या दंडाभोवती एक पट्टा होता आणि तो पुढे रायफलीला अडकवलेला होता. पट्टा ताणला की हात, खांदा आणि रायफल यांचा एक पक्का त्रिकोण होतो आणि वजन स्नायूंऐवजी पट्टा पेलतो. मी मनात म्हटले, जाकीट नाही तर नाही, पण पट्टा आपण देऊ. तोही विकतचा नाही, हाताने केलेला. चामड्यासाठी जगभरातून लोक ज्या गावी येतात, त्या गावी राहून पट्टा बाहेरून मागवणे म्हणजे कोल्हापुरात बसून मिसळ पुण्याहून मागवण्यासारखे आहे.

काम नियमाने व्हावे म्हणून आंतरराष्ट्रीय नियमावली उघडली. पट्टा ४० मिलिमीटरपेक्षा रुंद असू नये, एवढे वाचून चिठ्ठीवर उतरवून घेतले आणि नियमावली मिटली. ही घटना वाचकांनी लक्षात ठेवावी.

चप्पल लाइनीतल्या एका दुकानामागे एक वयस्कर कारागीर बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे त्यांच्याकडून घरी आणले तेव्हा सौ. नाकाला पदर लावून म्हणाली, "एवढ्या वर्षांत घरात कमावलेलं म्हणून काय आणलंत, तर हे!"

पहिला पट्टा आठ दिवसांत झाला आणि नवव्या दिवशी दोन बोटे लांब झाला. मामांनी तो हातात घेऊन ताणला.

"सायेब, ह्ये पोटाचं कातडं हाय. पोट म्हशीचं असू दे न्हाईतर तुमचं, वाढायचंच. पाठीचं घ्या. पाठ इमानदार असती."

मग पाठीचे घेतले. ते ओले करून रात्रभर खिळ्याला टांगले आणि खाली घरातला वरवंटा बांधला. जे काही वाढायचे ते आधीच वाढून घेऊ दे, ही मामांची युक्ती. सकाळी सौ.ने चटणीसाठी वरवंटा शोधला, तो गॅलरीत फाशी गेलेला सापडला. त्यावर जे बोलणे झाले ते छापण्यासारखे नाही.

रापीने पट्टी कापली, आरीने भोके पाडली. शिवताना मेण चोळलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या आणि एकाच भोकातून एक अलीकडून, एक पलीकडून काढायची. मी बी.कॉम. माणूस, मला हे लगेच समजले. ही आमची दुहेरी नोंद पद्धत! प्रत्येक टाका जमेलाही पडतो आणि नावेही. "यात एक टाका तुटला तरी बाकीचं जागा सोडत न्हाईत," मामा म्हणाले. २१८ टाके झाले. मी मोजले. मोजल्यावाचून मला झोप येत नाही. त्यातला एक टाका अंगठ्यातून गेला, तो हिशेबात धरलेला नाही.

कन्येच्या वाढदिवशी रेंजवर सगळ्यांसमोर पट्टा तिच्या हाती दिला. तिने तो उलटसुलट पाहिला. शिवणीवरून बोट फिरवले. मग प्रशिक्षकांकडे पाहिले. प्रशिक्षकांनी आढ्याकडे पाहिले.

"पट्टा सुरेख झालाय," ते म्हणाले. "पण साहेब, १० मीटर एअर रायफल उभं राहून मारतात. आणि उभं राहून मारताना पट्टा वापरायला बंदी आहे."

"नियम कुठे आहे?"

"नियमावलीत."

वाचकहो, गेली वीस वर्षे मी लोकांना 'अटी व नियम पूर्ण वाचून मगच सही करा' असे सांगत आलो आहे. अर्जाच्या मागचे पान वाचले नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांना मी दोन-दोन हेलपाटे घालायला लावले आहेत. त्या सर्वांची मी तिथल्या तिथे, उभ्यानेच, मनातल्या मनात माफी मागितली.

घरी येताना स्कूटरवर दोघेही गप्प होतो. सिग्नलला मागून आवाज आला, "बाबा, हे सगळं तुम्ही हातानं शिवलं?"

"हो."

"आणि अंगठ्याला पट्टी आहे, ती म्हणून?"

"हो."

पुढच्या सिग्नलपर्यंत काही नाही. मग पाठीमागे हसण्याचा आवाज आला आणि थांबेचना. महिन्या-दोन महिन्यांनी मी ते हसणे ऐकत होतो. मीही हसलो. सिग्नल सुटला तरी आम्ही तिथेच, मागचे लोक भोंगे वाजवतात.

पुढच्या महिन्यात सणाची उचल घेतली आणि तिच्या क्लबातल्या एका मोठ्या मुलीचे जुने जाकीट विकत आणले. त्याचे कोपराचे चामडे उसवले होते. कन्या ते घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, एवढं शिवून द्याल?" आता मी शहाणा झालो होतो. आधी नियमावली पहिल्या पानापासून वाचली. जाकिटाच्या कापडाची जाडी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कोपराच्या ठिगळाला मात्र सवलत आहे. मगच सुया ओवल्या. शिवून होईपर्यंत ती शेजारी बसून त्या दिवशीच्या साठही गोळ्या एकेक करून सांगत होती. एकोणचाळिसावी कशी हुकली यावर तर दहा मिनिटे गेली. मी मुद्दामच टाके बारीक घातले.

हल्ली रविवारी रेंजवरची मुले हातमोजे, छऱ्यांच्या पिशव्या, जाकिटांचे बंद घेऊन घरी येतात. बँकेत रांग, घरीही रांग. पण इथे कुणाला दुसऱ्या खिडकीवर जा म्हणून सांगत नाही.

तो पट्टा कन्येच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. मोठी झाल्यावर ५० मीटरला जाणार आहे म्हणते, तिथे पालथे पडून मारताना तो चालतो. परवा तिने दंडाला लावून पाहिला, तर भोक एकाने पुढे सरकले होते.

"पट्टा आटला की काय?" मी घाबरून विचारले.

"नाही हो बाबा," ती म्हणाली, "दंड वाढला."

पाठीचेच चामडे आहे ते. मुदत ठेव म्हणून राहू द्या.