कातडीखालची तुळस

आजीच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायची, वर उचलायची आणि सोडून द्यायची. हातोदच्या उन्हाळ्यातला हा आमचा आवडता खेळ. आमची कातडी सोडल्या सोडल्या सपाट. तिची मात्र बांधासारखी उभी राहायची आणि मग सावकाश ओसरायची. तोवर आम्ही नातवंडं मोठमोठ्यानं आकडे मोजत असू. "मोजा, मोजा," आजी म्हणे, "तुमचीही पाळी येईल."

तो बांध अंतस्त्वचेचा होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आपण जिला कातडी म्हणून पाहतो, ती बाह्यत्वचा म्हणजे नुसतं सारवण. साधारण महिन्याभरात जुनं झडतं, नवं वर येतं. खरी जमीन त्याखाली. जागेप्रमाणे एक ते चार मिलिमीटर जाडीची. तिच्यात कोलॅजनचे चिवट धागे एकमेकांत गुंतलेले, आणि मधूनमधून इलॅस्टिनचे, ताणून सोडले की मागे येणारे. रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी, केसांची मुळं, स्पर्श ओळखणारी मज्जातंतूंची टोकं, सगळ्यांचा संसार तिथेच. त्याच्याही खाली चरबीची गादी. मोची ज्यात आरी खुपसतो, ते चामडं म्हणजे जनावराची हीच अंतस्त्वचा. वरचा थर कमावतानाच निघून गेलेला असतो. वय वाढलं, ऊन साठलं, की हे धागे विरत जातात. आजीचा जन्म तर शेतातच गेला.

सुश्रुतानं त्वचेचे सात थर सांगितले. नावं काय सुंदर: अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा. मापं व्रीहीत, म्हणजे भाताच्या दाण्यात. सर्वांत खालची मांसधरा दोन दाण्यांएवढी. आजच्या थरांशी त्यांची जोडी लावत बसण्यात मला रस नाही. दाण्यानं कातडी मोजणारा माणूस मात्र आजीला लगेच पटला असता.

तिच्या मनगटाच्या वर गोंदलेली तुळस होती. लग्नाआधी गोंदणारणीनं सुया टोचून काढलेली. दागिने इथेच राहतात, बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं ती सांगे. सारवण दर महिन्याला बदलत असताना तुळस कशी टिकली? सुई खालच्या थरापर्यंत गेली होती म्हणून. तिथे महाभक्षक पेशी परका रंग गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पोटात घेऊन बसून राहतात. 2018 मध्ये मार्सेच्या संशोधकांनी उंदरांमध्ये पाहिलं, की अशी पेशी मेली की रंग सांडतो आणि नवी पेशी तो पुन्हा गिळते. एका हातातून दुसऱ्या हातात, सासूकडून सुनेकडे किल्ल्या जाव्यात तसा.

या देवघेवीत थोडं इकडेतिकडे होतंच. काळी काजळी कातडीतून निळसर-हिरवी दिसे, आणि तुळशीच्या कडा पसरत चालल्या होत्या. शेवटच्या उन्हाळ्यात मी आजीच्या उशाशी बसून पानं मोजत होतो. एकदा सात भरली, एकदा नऊ. तिनं हात काढून घेतला नाही.