चाचांची तार

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही नागपूरच्या मोमिनपुऱ्यात राहत होतो. घरात दादी, अब्बा, अम्मी आणि आम्ही तीन भावंडे होतो. चाचा मात्र अब्बांशी भांडून बल्लारपूरला निघून गेले होते. दोन वर्षांत त्यांचे एकही पत्र आले नव्हते. दादी काही बोलत नसे. पण पोस्टमनची सायकल गल्लीत शिरली की तिची नजर दाराकडे जाई.

१९७८ सालची रमजान ईद होती. अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्या भरत होती. इतक्यात दारातून हाक आली, "तार आहे!" सगळे घर गप्प झाले. त्या काळी तार म्हणजे बहुधा वाईट बातमी. दादीच्या हातातील तसबीह थांबली. अब्बांनी लखोटा फोडला. आत दोनच शब्द होते – "ईद मुबारक" – आणि खाली चाचांचे नाव. दादीने तो कागद डोळ्यांना लावला.

संध्याकाळी मी शेजारच्या काकांना शीरखुर्मा द्यायला गेलो. काका तारघरात काम करीत. तार दाखवून मी विचारले, "काका, एवढी अक्षरे तारेतून कशी येतात?"

काका हसले. म्हणाले, "अक्षरे येतच नाहीत. येतात ते विजेचे ठोके, काही आखूड, काही लांब. मोर्सच्या लिपीत प्रत्येक अक्षराची खूण ठरलेली आहे. आणि तुझ्या चाचांनी तर 'ईद मुबारक' असे लिहिलेही नसेल. त्यांनी फक्त २ हा आकडा लिहिला असेल."

"फक्त आकडा?"

"हो. शुभेच्छांच्या तारांसाठी वाक्यांची यादी असते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक, १० म्हणजे परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन. तिकडून आकडा येतो. इकडचा माणूस यादी पाहून पूर्ण वाक्य लिहितो. यादी दोन्हीकडे सारखी हवी, एवढेच!"

काकांनी टेबलावर बोटाने ठोके दिले – दोन आखूड, तीन लांब. "हा झाला २," ते म्हणाले.

मी हिरमुसलो. दोन वर्षांनी चाचांना आमची आठवण झाली आणि त्यांनी नुसता आकडा पाठवला! घरी येऊन मी दादीला सारे सांगितले. तिला वाईट वाटेल, असे मला वाटले होते. पण ती म्हणाली, "बेटा, आकडा असो की अक्षर, ईदच्या दिवशी त्याने माझे दार ठोठावले ना!"

अब्बा ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन तारघरात गेले. शुभेच्छांबद्दल आभार मानण्यासाठीही यादीत आकडा होता. पण अब्बांना जे सांगायचे होते, त्यासाठी नव्हता. त्यांनी स्वतःचे दोन शब्द लिहिले – "घरी ये."

बकरी ईदला चाचा घरी होते.

पुढे मी विज्ञान शिकलो, तेव्हा काकांचे बोलणे पुन्हा आठवले. डिजिटल टेलिफोनमध्ये आपल्या आवाजाचे एका सेकंदात ८००० वेळा मोजमाप होते. प्रत्येक मोजमाप ० आणि १ या दोनच अंकांत मांडले जाते. वाटेत खरखर मिसळली, तरी जोपर्यंत ० आणि १ वेगळे ओळखता येतात, तोपर्यंत आवाज बिघडत नाही. पलीकडचे यंत्र त्या अंकांतून आवाज पुन्हा उभा करते. इथेही दोन्ही टोकांना नियम सारखेच असावे लागतात.

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. दादीही आता नाही. ती तार मात्र मी जपून ठेवली आहे. ईदच्या सकाळी चाचांचा फोन येतो. तो वाजू लागला की माझे बोट नकळत टेबलावर ठोके देते – दोन आखूड, तीन लांब.