ठिपक्यांचे चित्र

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन होय. अकोला-हिंगोलीकडून येणारा लोहमार्ग येथे परभणी-नांदेड मार्गाला मिळतो. गाडी स्थानकाजवळ येऊ लागली, की फलाटाच्या टोकाचा फलक दृष्टीस पडतो. प्रथम नुसता पिवळा रंग, मग काळ्या रेघा आणि अखेर ‘पूर्णा’ ही अक्षरे दिसतात. फलक तोच, अक्षरेही तीच. बदलते ते केवळ अंतर. मनुष्याच्या दृष्टीला मर्यादा आहे. परस्परांपासून एक मिलिमीटर अंतरावर काढलेले दोन बारीक ठिपके निरोगी डोळ्यालाही साधारण साडेतीन मीटरांपलीकडून एकच भासतात.

दूरचित्रवाणीची सारी किमया या मर्यादेवरच उभी आहे. पडद्यावर सलग चित्र नसतेच. असतात ते असंख्य ठिपके. समजा, पाटावर जोंधळ्याचे दाणे मांडून मोर काढला. मान आणि पिसारा ओळखू येईल. परंतु डोळ्यासाठी एकाच दाण्यावर भागवावे लागेल. तेवढ्याच पाटावर खसखशीने मोर काढला, तर पिसांवरील रेषाही उमटतील. ठिपके जितके बारीक व पुष्कळ, तितका तपशील अधिक. ठिपक्यांच्या या मोजमापास ‘रेझोल्यूशन’ म्हणतात.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा चित्र कृष्णधवल असे. ते ६२५ आडव्या ओळींचे असून त्यांपैकी सुमारे ५७६ ओळीच प्रत्यक्ष चित्राच्या कामी येत. आजच्या पूर्ण ‘हाय डेफिनिशन’ चित्रात १०८० ओळी व प्रत्येक ओळीत १९२० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. ‘फोर-के’ चित्रात त्यांच्या चौपट.

मग चौपट ठिपक्यांचा पडदा आणला, म्हणजे चित्र चौपट स्पष्ट दिसेल काय? तसे होत नाही. ४० इंची पडद्यावरील हाय डेफिनिशनचे ठिपके दोन मीटरांवरूनही डोळ्याला निरनिराळे दिसत नाहीत. तेथे बसणाऱ्यासाठी ते आणखी बारीक केले, तरी त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. शिवाय जुने, कमी ओळींचे चित्रण नव्या पडद्यावर लावले, तर उरलेल्या जागा यंत्र शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरते. कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते पडद्याला कोठून सापडणार?

म्हणून दुकानातील पाटीवरच्या आकड्याला भुलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : चित्रण किती ठिपक्यांचे आहे, पडदा केवढा आहे आणि पाहणारा किती दूर बसणार आहे? यांची उत्तरे जुळली, तर साधा पडदाही समाधान देतो. न जुळली, तर मोठी किंमत मोजूनही तो मोठा आकडा पाटीवरच राहतो.