वाफसा

निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आलेल्या प्राध्यापकास एकाएकी मातीचे वेड लागावे, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांस मोठी विनोदी वाटते. पण ती घडली खरी. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी एका शेतकऱ्याने आपल्या शेताचे तुकडे पाडून ते शहरातील हौशी मंडळींस भाजीपाल्यासाठी भाड्याने दिले आहेत. त्यांतला एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, गेल्या आषाढात आमच्या वाट्यास आला.

जमीन काळी. तिची कुळकथा आम्ही ग्रंथांतून वाचून ठेविली होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचा कातळ झिजून झालेली ही चिकण माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात पाणी तुंबून भाज्यांची मुळे गुदमरू नयेत, म्हणून गादीवाफे करावयाचे: तीन फूट रुंद, वीतभर उंच, मध्ये दीड फुटाची वाट. कागदावर नकाशा फार सुबक उतरला.

श्रावणात उघडीप पडली, तो रविवार साधून आम्ही कुदळ घेऊन उभे राहिलो. शेताचे मालक, ज्यांस सारे आबा म्हणतात, बांधावरून म्हणाले, "मास्तर, रान अजून वलं हाय. वाफसा येऊ द्या."

वाफसा आमचा रविवार पाहून थोडाच येणार! आम्ही हसलो आणि चार तास खणले. कुदळीस लोंदे चिकटत होते आणि खणलेली माती आमच्याच पायांखाली तुडविली जात होती. पुढल्या रविवारी पाहतो, तो वाफ्यांच्या जागी विटांचा ढीग! ओली चिकणमाती तुडविली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते आणि वाळल्यावर तिचा दगड होतो. हे वाक्य आम्ही वाचलेले होते. त्याचा अर्थ मनगटास कळला.

त्या ढेकळांवर बसलो असता वडील आठवले. वाफसा हा शब्द त्यांच्या तोंडी नित्य असे. "वाफसा आलाय," म्हणून ते भरल्या ताटावरून उठून जात, आणि हातातले पुस्तक खाली न ठेवता आम्ही मनातल्या मनात त्रासत असू. त्या शब्दाचा अर्थ आम्ही त्यांस एकदाही विचारला नाही. १९८८ साली आमच्या कॉलेजच्या खर्चासाठी त्यांनी अर्धी जमीन विकली. आज आम्ही एका गुंठ्याचे भाडे भरतो आणि अर्थ विचारतो तो आबांस.

आबांनी तो हातानेच सांगितला. मूठभर माती घेऊन गोळा वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो पडून तसाच राहिला तर ओल फार. वळलाच नाही तर वेळ टळली. वळला आणि पडताच फुटला, तर वाफसा.

काळी जमीन मात्र मनात अढी धरीत नाही. पुढच्या सरींत ती ढेकळे फुगली, उन्हात आकसली आणि आपली आपणच भुगा झाली. दरम्यान आम्ही शेणखत आणून ठेविले. पुरते कुजलेले, काळे, वास नसलेले, कारण कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते.

मग एका गुरुवारी सकाळी आबांचा फोन आला, "मास्तर, वाफसा आलाय." आम्ही कॉलेजात रजा कळविली आणि पोह्यांची बशी अर्धी टाकून उठलो. आमच्या मुलाने पुस्तकातून डोके वर काढून किंचित त्रासिक स्वरात विचारले, "बाबा, एवढी कसली घाई?"

आम्ही चप्पल पायांत सरकविली होती. तरी परतलो आणि त्याच्यासमोर बसून त्यास त्या शब्दाचा अर्थ सांगितला. पोहे निवले, पण वाफसा तेवढ्याने जात नाही.