बार्शी लाईट, तुझ्यासाठी

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी विसावलेल्या मंडळींत सोलापूर-लातूरकडची माणसंही असतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवून ती इथलीच झाली. गावाचा विषय निघाला की तुझं नाव येतंच, बार्शी लाईट. कुणी कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून तुला गाठायची धावपळ सांगतं, कुणी खिडकीतून डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण.

1897 मध्ये तू कुर्डुवाडीहून बार्शीला निघालीस. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं तुझ्यासाठी एक नेम घालून दिला होता: इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. म्हणून तर लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या तुझ्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती आणि त्यांच्यामागे आणखी चार. ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं की हलका रूळही खचत नाही. अवर्षणाच्या मुलखाला परवडणारी गाडी या हिशेबातून घडली. यंत्रशास्त्रातला इतका माणुसकीचा हिशेब मला दुसरा ठाऊक नाही.

1906 मध्ये तू पंढरपूर गाठलंस, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. आषाढी-कार्तिकीला तुझे डबे पुरत नसत. मग मालडब्यांतही वारकरी दाटीवाटीनं उभे राहत. आत टाळ, पुढे चढावर धापा टाकणारं इंजिन. पायी वारी ज्यांना झेपत नव्हती, त्यांना चंद्रभागा तू दाखवलीस.

2011 पर्यंत मिरज ते लातूर सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तुझे रूळ निघाले. जीव हळहळला. पण 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली. पहिल्याच खेपेला पाच लाख लिटर पाणी. ते ओझं तुला पेललं नसतं, पण ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी तुझ्याच वाटेनं गेली. पाण्याला वाट तूच करून ठेवली होतीस. तेव्हापासून तुझ्या जाण्याची तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. दुःख मात्र आहे आणि ते राहील.

तुझी इंजिनं रंगवून चौथऱ्यांवर ठेवली, मुलं त्यांच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. चांगलंच आहे. पण इंजिन म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. वाफेचा दाब ओळखणारी नजर आणि आवाजावरून सैल बोल्ट हेरणारा कान, यांच्या जोरावर ते चालतं. कुर्डुवाडीच्या तुझ्या कारखान्यात माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला येतात. तुझ्या घराण्याची विद्या तिथे शिल्लक आहे. ती जाणत्या कारागिरांकडून आज कामाला लागलेल्या पोरांच्या हाती उतरावी, एवढंच तुझ्या वतीनं मागणं.