चार काहिली आणि एक गुळव्या

कोल्हापूर म्हटले की पाहुण्याला अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढे चार मुक्काम आठवतात. ते सारे करावेतच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु हे गाव ज्याला खरोखर समजून घ्यावयाचे असेल, त्याने एक सकाळ शिवाजी उद्यमनगरासाठी राखून ठेवावी, आणि तेथून गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांवरून उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत यावे. वाट फार लांबची नाही. पण यंत्राच्या पोटातले दुखणे ओळखण्याच्या तीन तऱ्हा या वाटेवर भेटतात. मला त्या अण्णांनी दाखवल्या.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे बालपण उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या धडधडाटात गेले, आणि पुढची सारी हयात ठिकठिकाणच्या फ्लाइंग क्लबांत छोट्या विमानांची इंजिने उघडण्यात आणि मिटवण्यात. विमानाने आलेल्या पाहुण्यापेक्षा त्याला घेऊन आलेल्या इंजिनाची चौकशी ते आधी करतात.

उद्यमनगरात शिरताच लेथचा आवाज आणि कुलंटचा वास आपले स्वागत करतो. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनांचे दवाखाने ते हेच. एका गाळ्यात इंजिन चालू होते. मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. क्षणभराने म्हणाला, "बेअरिंग." एवढेच. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा आमचा डॉक्टरी नळा. मी पण ह्याच्यावरच शिकलो."

ही झाली पहिली तऱ्हा : कानाची.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत दुसरी पाहावयास मिळाली. कोल्हापूरचे ओतकाम देशभरच्या मोटारींत आणि ट्रॅक्टरांत बसलेले आहे. शिरोलीस तर पिस्टनही तयार होतात. पूर्वी वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून जुना कारागीर सांगे, "आता ओता." आज लांब दांड्याच्या टोकाला थर्मोकपल बसवून ते रसात बुडवतात आणि चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा आकडा फलकावर उमटतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे टोक जोडून तो सांधा तापवला, की त्या तारांत किंचित वीज खेळू लागते. हा गुण सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला १८२१ साली आढळला. दोनशे वर्षांनंतर त्यावर आमच्या भट्ट्या चालतात. आणि, वाचकहो, विमानेही.

उजळाईवाडीचे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली उभारले. २०२४ च्या मार्चमध्ये तेथे नवी इमारत सुरू झाली; तिच्या दगडी कमानी पाहून पन्हाळ्याची आठवण व्हावी. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारे दोन हजार फूट उंच आहे. कुंपणापाशी उभे राहून अण्णांनी पश्चिमेकडे बोट दाखवले. "तिकडं गगनबावडा. त्याच्या पलीकडं कडा तुटतो तो थेट कोकणात. एका इंजिनाचं विमान घेऊन त्यावरून जायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. मोटार बंद पडली तर रस्त्याकडेला लावता येते. ढगाला कड कुठली?"

अशा विमानात वैमानिकाला इंजिनाची खबर देणार कोण? जुन्या टायगर मॉथमध्ये इंजिनासाठी काटे दोनच : एक फेऱ्यांचा, दुसरा तेलाच्या दाबाचा. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक १९५८ साली प्रथम उडाले. नव्वद अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन असलेले हे विमान आपल्या फ्लाइंग क्लबांत एका पिढीला उडावयास शिकवून गेले. त्याचाही कारभार मोजक्या काट्यांवरच चाले. पुढच्या विमानांत सिलिंडरच्या डोक्याचे तापमान दाखवणारा काटा आला खरा, पण पुष्कळदा तो चारांपैकी एकाच सिलिंडरला जोडलेला असे.

मी म्हटले, "अण्णा, एकाचे कळले म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येत नाही का?"

"गुऱ्हाळ बघितलंस न्हवं? चार चुलाणांवर चार काहिली चढवल्या आणि गुळव्याला एकीपाशीच बसवला, तर बाकीच्या तीन करपल्याचं त्याला कधी कळंल?"

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. दूरच्या एका क्लबात चार आसनांची जुनी सेसना होती; इंजिन लायकमिंगचे, चार सिलिंडरचे. तापमापक होता तो तिसऱ्या सिलिंडरला, आणि त्याचा काटा वर्षानुवर्षे हिरव्या पट्ट्यात सुखाने डुलत होता. जुने काटे काढून नवे यंत्र बसवण्याचे ठरले. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एक थर्मोकपल, प्रत्येकाच्या धुराच्या नळीला भोक पाडून दुसरे, शिवाय पेट्रोल किती वाहते ते मोजणारी चक्री. थर्मोकपलची तार मध्येच तोडून साध्या तांब्याच्या तारेने जोडली तर आकडा खोटा पडतो, म्हणून वायरिंगलाच दिवस लागले. विमानाचे वजन आणि तोल पुन्हा मांडावा लागला, सरकारी मान्यतेचे कागद झाले. एक फायदा न मागता मिळाला. जुन्या दाबमापकासाठी गरम तेलाची बारीक नळी थेट वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे आलेली होती. ती गेली, आणि तिच्या जागी फक्त तार आली.

पहिल्याच उड्डाणात नव्या पडद्यावर चार उभ्या रेघा उमटल्या. तीन शहाण्यासारख्या उभ्या. चौथी मात्र विमान चढू लागताच सरसर वर. या जातीच्या इंजिनांना डोक्याच्या तापमानाची शेवटची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असते. पण इंजिन दीर्घकाळ टिकावयाचे तर ४३५ च्या खाली राहावे, असे खुद्द ते बनवणारे सांगतात. चौथा सिलिंडर ४३५ ओलांडून गेला होता. किती वर्षे तो असा भाजत होता, देव जाणे! खाली उतरून झाकण काढले. वारा सिलिंडरांवरून वळवणाऱ्या पत्र्याच्या आडोशाला रबराची पट्टी असते. ती मागच्या बाजूला उलटी दुमडली होती आणि वारा परस्पर निसटत होता. पट्टी बदलली. चौथी रेघ बाकीच्या तिघींत येऊन बसली.

"आवाजात काही फरक होता?" मी विचारले.

"काडीचा नाही. कान खोटं बोलत न्हाई गड्या, पण उशिरा बोलतो."

धुराच्या तापमानाची गंमत आणखी वेगळी. प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन, आणि त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. उड्डाणापूर्वी एक मॅग्नेटो बंद करून पाहतात. तेव्हा जळण सावकाश होते, म्हणून चारही नळ्यांतला धूर अधिक गरम होतो. एखादी रेघ चढण्याऐवजी कोसळली, तर त्या सिलिंडरचा चालू प्लग निकामी. पूर्वी इंजिन थरथरल्याचे कळे, पण गुन्हेगार शोधावयास एकेक प्लग काढावा लागे. एखाद्या धुराचा आकडा संथ लयीत वरखाली होऊ लागला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू लागल्याची शंका घ्यावी. हे सारे यंत्र स्वतःच्या वहीत टिपून ठेवते. मेकॅनिक ती जमिनीवर शांतपणे वाचू शकतो.

पेट्रोलची बचतही होते. उंचावर हवा विरळ, म्हणून मिश्रणातले पेट्रोल कमी करावे लागते. १९४४ साली लिंडबर्गने पॅसिफिकमधल्या लढाऊ वैमानिकांना हेच तंत्र शिकवून त्यांच्या विमानांचा पल्ला वाढवला होता. आज हे काम धुराच्या तापमानाकडे पाहून चारही सिलिंडरांचा विचार घेऊन करता येते.

मात्र अण्णा यंत्राचे भगत नव्हेत. बारामतीला आणि बेळगावला आज वैमानिक घडवणाऱ्या शाळा आहेत, तिथल्या पोरांविषयी ते म्हणाले, "पडदा रंगीत झाला की माणूस त्याच्याकडंच बघत बसतो. बाहेर डोंगर आहे, हे विसरतो. आणि वीज गेली की पडदा मुका. आकडा वाचायला येणं आणि इंजिन कळणं ह्या दोन गोष्टी. त्या पोरांनी एक महिना उद्यमनगरात काढावा."

तेव्हा कोल्हापूरला याल तेव्हा रस्सा अवश्य ओरपा. पण उद्यमनगरातल्या एखाद्या गाळ्यापुढे घटकाभर उभे राहा. इंजिनाला कान लावणारा मिस्त्री अजून तेथे आहे. त्याला ऐकू येणारी शेवटची हाक आणि पडद्यावर दिसणारी पहिली कुरकुर, यांच्यामधला जो वेळ, तोच घाटावरच्या वैमानिकाला सपाट जमिनीपर्यंत पोहोचवतो.